उजवा कौल

आमच्याकडे अमावास्या-पुनवेची भरती ऐन दुपारी भरते. बाहेरच्या माणसाला पाण्याची भीती रात्री वाटते. आम्हाला ती डोक्यावर ऊन असताना वाटायची. जेवणवेळेच्या सुमाराला खाडीचं पाणी तिवरांच्या मुळ्या बुडवत पुढं सरकायचं आणि बांधाच्या पोटाला लागून उभं राहायचं. त्या वेळी गावात कुणी मोठ्यानं बोलत नसे. बायका पानं वाढायच्या, पण कान बाहेर असायचे.

नेरूळच्या खालच्या अंगाला, खाडीला चिकटून आमचं गाव. गोष्ट पन्नास-साठच्या सालांतली. तेव्हा तिथं शहर होईल असं कुणी म्हणालं असतं तर लोक हसले असते. एका बाजूला खारं पाणी, दुसऱ्या बाजूला भाताची शेतं, आणि मधे फक्त चिखलाचा बांध. शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली होती. बांधावर उभं राहिलं की हे उघड दिसायचं. डावीकडचं पाणी उजवीकडच्या भाताच्या डोक्यावर असायचं. लहानपणी मला ते बघवत नसे.

मी सात-आठ वर्षांची असताना एका श्रावणात आमच्या तुकड्यापुढचा बांध फुटला. वारा खाडीवरून सरळ गावावर येत होता. आधी बांधाच्या माथ्यावर खेकडे चढून आले, भराभर, एकमेकांवर पडत. ते बघून बाबांनी हातातलं फावडं टाकलं आणि आम्हाला ओरडून मागं हटवलं. मग बांधाच्या पोटातून पाण्याची एक धार निघाली, मनगटाएवढी. बघता बघता ती माणसाएवढी झाली आणि बांध बसला. पाणी आवाज न करता आत आलं. पोटरीला आलेलं हिरवं भात उभंच्या उभं पाण्याखाली गेलं आणि ओहोटीला पुन्हा वर आलं, तेव्हा चार दिवस उकळत ठेवल्यासारखं दिसत होतं.

एकदा खारं पाणी आत शिरलं की जमीन लवकर माफ करत नाही. उन्हाळ्यात तिच्यावर मिठाची पांढरी खपली धरते. त्यावरून चाललं की पायाखाली कुरकुर वाजतं. आमच्या शेजारच्या दोघा-तिघांची जमीन आमच्याबरोबरच बुडाली होती. त्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली. कुणी मिठागरावर गेलं, कुणी मुंबईला गोदीत. त्यांच्या शेतात दोन-तीन पावसाळ्यांत तिवराची रोपं उभी राहिली. खाडीनं आपलं नाव लिहून टाकावं तशी.

आमच्या आईनं मात्र देवीला विचारलं.

गावदेवीचं देऊळ म्हणजे तेव्हा कौलारू छप्पर आणि आत शेंदूर लावलेली पाषाणाची देवी. काही मोठं विचारायचं असलं की पुजारी देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवायचा. उजवं फूल पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. आई मला आणि माझ्या धाकट्या बहिणीला घेऊन गेली होती. धाकटी तेव्हा कडेवर होती. बाबा उंबऱ्याबाहेर उभे राहिले. त्यांना देवाला प्रश्न विचारायची भीती वाटायची. उत्तर मिळालं तर काय करायचं, असं ते म्हणत.

आईनं पदर डोक्यावर घेतला आणि सरळ विचारलं, "आमची जमीन परत गोड होईल कं?"

बराच वेळ काही झालं नाही. फुलं होती तिथंच होती. बाहेर पावसाची सर आली आणि गेली. धाकटी रडायला लागली, तिला मी घेतलं. पुजारी आईकडे बघून मान हलवणार, इतक्यात उजवं फूल सुटलं आणि देवीच्या पायाशी पडलं.

"उजवा दिला," पुजारी म्हणाला.

आईनं ते फूल पदरात घेतलं. मला वाटलं होतं ती हसेल. ती हसली नाही. बाहेर येऊन बाबांना एवढंच म्हणाली, "हो बोलली. चला, बांध घालायचा हाय."

त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी आईबाबांनी मिळून बांध घातला. ओहोटीला खाजणातल्या, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीतल्या, चिखलाचे चौकोनी तुकडे कापायचे, डोक्यावरून आणायचे, पेंढा घालून एकावर एक बसवायचे. बांधात एक लाकडी दार होतं, त्याला उघाडी म्हणायचे. पावसाचं गोडं पाणी शेतात साठू द्यायचं, ते जमिनीतलं मीठ विरघळवेल, मग ओहोटीला उघाडी वर करून ते पाणी खाडीत सोडायचं. पुन्हा साठवायचं, पुन्हा सोडायचं. मीठ असं घोटाघोटानं जातं. दर जूनमध्ये आई मोड आलेलं भात शेतात फेकायची. कोंब वर यायचे, हिरवे दिसायचे, आणि मग एक दिवस त्यांची टोकं पिवळी पडायची. जाळाजवळ धरल्यासारखी. पुढच्या आठवड्यात शेत पुन्हा रिकामं. आई वाकून एक-एक रोप उपटून बघायची, मुळाला लागलेली माती जिभेवर ठेवायची आणि थुंकायची.

"अजून हाय," ती म्हणायची. म्हणजे मीठ अजून आहे.

याच सुमाराला मी पहिल्यांदा ते ऐकलं. विहिरीवर. दोन बायका कळशा घासत होत्या. एक म्हणाली, "बांध असा उभा रातो होय? बांधाला मानूस लागतं."

दुसरीनं मला बघितलं आणि पहिलीला कोपरानं ढोसलं.

मी घरी येऊन काकीला विचारलं. काकी म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. आमचं अंगण एकच होतं आणि आई शेतावर असली की आमचं खाणंपिणं तीच बघायची. काकी जात्यावर होती. तिनं जातं थांबवलं. तिच्या लहानपणी तिच्या आजीनं तिला सांगितलं होतं म्हणे, की खाडीचे मोठे बांध टिकावेत म्हणून जुन्या लोकांनी त्यांत जिवंत जीव पुरले. कुठल्या बांधात कुणाचं लेकरू आहे हेही त्या आजीला ठाऊक होतं.

"पन तू कुनाला बोलू नको," काकी म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "धाकटीला बांधावर नेऊ नको."

तेव्हापासून माझी झोप गेली म्हटलं तरी चालेल. देवीनं हो म्हटलं होतं, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. पण हो म्हणणारा काहीतरी घेतोच, हे आता मला कळलं होतं. मग देवी काय घेणार? आईला त्याबद्दल विचारायचं धाडस होत नव्हतं. शेतावर जाताना मी धाकटीचा हात इतका घट्ट धरायची की ती रडायची.

काकीनं शेवटी स्वतःच विषय काढला. एका दुपारी ती गावातल्या भगताला घेऊन आली. तो अंगात येणारा, झाडपाला देणारा माणूस. लोक त्याला घाबरत. तो ओसरीवर बसला, आमच्याकडे न बघता आढ्याकडे बघत म्हणाला, "बांध भुकेला हाय."

आई भाकऱ्या थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "माती हाय ती. तिला कसली भूक?"

"बाय, हट्ट करू नको," काकी म्हणाली. "एक बोकड दे. कोंबडं तरी दे. नाय तर तो आपल्या मनानं घेईल. पोरी हायत घरात."

आईनं भाकरी तव्यावर टाकली. मग हात पुसून बाहेर आली.

"जत्रंला कोंबडं देईन, सगळी देतात तसं. पन बांधासाठी नाय. मी देवीला विचारलं तवा तिनं काय मागलं नाय. नुसतं हो बोलली. आता मी मधीच कोंबडं दिलं, तर तिचा शब्द मी इकत घेतल्यासारखा होईल."

भगत उठला. जाताना त्यानं बाबांकडे बघितलं. बाबा खाली बघत होते. मला वाटतं, बाबांनी कोंबडं दिलं असतं. ते घाबरट नव्हते, पण दोन मुलींचे बाप होते. तरी आईच्या पुढं ते बोलले नाहीत. भगत गेल्यावर फक्त म्हणाले, "परत जाऊन एकदा कौल लावूया कं? नक्की काय ते कळंल."

"एकदा हो बोलली ती," आई म्हणाली. "परत परत इचारनं म्हंजे तिला खोटी म्हननं."

त्यानंतरच्या पावसाळ्याच्या सुरुवातीलाच बाबा उघाडी वर करायला पाण्यात उतरले आणि दाराला चिकटलेल्या कालवाच्या शिंपीनं त्यांचा तळवा कापला. आमच्यापैकी कुणाचा पाय कालवांनी कापला नव्हता? आईनं हळद दाबली, फडकं बांधलं. बाबा दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला गेले. जखम भरतही आली.

मग एका सकाळी चहाचा कप त्यांच्या ओठांशी गेला आणि तिथंच राहिला. ते तोंड उघडू शकत नव्हते. आधी त्यांनाच हसू आलं. गालावर हात चोळत ते आईला खुणेनं म्हणाले, वारं लागलं असेल. दुपारपर्यंत मान ताठ झाली. माझ्या हातून पितळी निसटून पडली, त्या आवाजासरशी बाबांचं सगळं अंग धनुष्यासारखं वाकलं. टाच आणि डोकं तेवढं जमिनीला, मधलं अंग वर. तोंडावर मात्र हसल्यासारखे दात. ते हसू मी अजून विसरू शकलेले नाही. काकांनी आम्हाला बाहेर काढलं. काकीनं अंगणातल्या कोंबड्या हाकलल्या, दार लावून घेतलं. आवाज करू नका, आवाज करू नका, एवढंच जो तो म्हणत होता. सगळं अंगण श्वास धरून बसलं.

त्यांना होडीत निजवून ठाण्याला नेलं. आई बरोबर गेली. आम्ही दोघी काकीच्या मांडीला चिकटून राहिलो. होडी परत आली तेव्हा आई पुढं बसली होती आणि तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं. मला कुणी काही सांगावं लागलं नाही.

दिवसपाणी होईपर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. बायका आईला धरून बसायच्या. आई रडत नव्हती. ती भिंतीला टेकून बसायची आणि कुणी भरवलं तर खायची. एका दुपारी काकीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि अगदी मायेनं म्हणाली, "बाय, आता घाबरू नको. बांधानं आपला मानूस घेतला. आता बांध टिकंल. पोरींना काय होनार नाय."

खोलीतल्या सगळ्या बायकांनी मान हलवली. मीही मनात हलवली असेल. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. धाकटी वाचली.

आईनं काकीचा हात हळूच बाजूला केला.

"त्यांना धनुर्वातानं नेला," ती म्हणाली. "डाक्तर बोलला. हे देवीच्या माथी मारू नको."

तिचा आवाज इतका बारीक होता की शेजारच्या बायकांना तो ऐकूही गेला नसेल. पण गावात काकीचंच म्हणणं पसरलं, भगतही तेच सांगत फिरला. आणि पुढं घडलं तेही तसंच. बांध टिकला. आषाढातली उधाणं आली, गेली. श्रावणातली पुनव गेली. गेल्या वर्षी ज्या जागी पाणी झिरपत होतं ती जागा कोरडी राहिली. लोक मुद्दाम बांधावर येऊन बघायचे. हात लावायचे. "पावला," असं म्हणायचे. पलीकडे टाकून दिलेल्या शेताच्या एका मालकानं तर जमीन परत धरायची बोलणी सुरू केली.

आईनं त्या वर्षी बियाणं भिजवलं नाही. शेतावर पाऊलही टाकलं नाही. काका उघाडी बघून यायचे. मला आईचं काही कळत नव्हतं. बांध एवढा नीट उभा असताना ती जास्तच काळवंडत चालली होती. भरतीच्या वेळी ती दारात उभी राहायची. आधी बांध फुटेल म्हणून तिचे डोळे तिकडे लागायचे. आता ती दुसरंच काहीतरी बघत होती. पुष्कळ वर्षांनी मला समजलं. बांध जितके दिवस उभा राहील तितकं गावाचं म्हणणं खरं ठरत होतं. जमीन गोड झाली असती तर त्या भाताचा घास तिच्या घशाखाली उतरला नसता.

एका दिवशी तिनं मला बरोबर घेतलं आणि देवळात गेली. पुजारी नव्हता. पावसाची झड लागली होती, छप्पर गळत होतं, देवीच्या शेंदरावरून पाणी ओघळत होतं. खांद्यांवर फुलं नव्हती. मला वाटलं, आता ती विचारणार. ती देवीच्या समोर उभी राहिली, बसली नाही, आणि माणसाशी बोलावं तशी बोलली.

"सगळी बोलतात तू माजा मानूस घेतलास. मी तुना दिला नव्हता. तू घेतला नाय, मना म्हायती हाय. पन माजा जीव ऱ्हात नाय गं. मी तुजा शब्द सोडनार नाय. माजा जीव ऱ्हात नाय, एवढंच सांगाया आयलू."

मी उत्तराची वाट बघत होते. छपरातून एकेक मोठा थेंब देवीच्या पायरीवर पडत राहिला. आईनं वाकून पायरीला हात लावला आणि आम्ही घरी आलो.

भाद्रपदातल्या अमावास्येला सगळं गाव बांधावर होतं. सकाळपासून आभाळ खाली आलं होतं आणि वारा खाडीकडून होता, बांध फुटला त्या वर्षीसारखाच. पण लोकांच्या तोंडावर भीती कमी आणि औत्सुक्य जास्त होतं. भगतही आला होता, छत्री घेऊन, थोडा बाजूला. पाणी चढत होतं. तिवरांचे शेंडे तेवढे दिसत होते. कुणीतरी म्हणालं, "बघा, जागचा हलत नाय." आई काकीच्या मागं उभी होती. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच ती बांधावर आली होती.

माझ्या पायाला काहीतरी लागलं. खेकडा होता. मग आणखी एक. मी आईकडे बघितलं. तिनंही बघितलं होतं.

मी ओरडायच्या आत बाबांनी घातलेल्या भागातून पाणी उसळलं. लोक दोन्ही बाजूंना पळाले. बांधाचा एक तुकडा, वर उगवलेल्या गवतासकट, सावकाश शेताकडे झुकला आणि पाण्यात बसला. पाणी आत आलं. जाऊन पार गावाच्या पहिल्या घरापर्यंत पोचलं.

काकीनं किंकाळी फोडली. सगळे ओरडत होते. आई चिखलात खाली बसली आणि रडायला लागली, बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. मोठ्यानं, छाती पिटत, जसं त्या दिवशी रडायला हवं होतं तशी. मी तिच्या गळ्यात पडले, तर ती मला हलवत पुन्हा पुन्हा म्हणत होती, "नाय घेतला. बघ गं. तिनं नाय घेतला. बांध फुटला बघ."

जवळच्या लोकांना वाटलं हिच्या डोक्यावर परिणाम झाला. काकी मात्र ओरडायची थांबली. ती आईकडे बघत राहिली, मग फुटलेल्या बांधाकडे, मग पुन्हा आईकडे. तिला कळलं असावं.

दोन दिवसांनी भगत ओसरीवर आला. या वेळी त्याला कुणी बोलावलं नव्हतं. "एकानं भागलं नाय," तो म्हणाला, आणि त्याची नजर अंगणात खेळणाऱ्या धाकटीवर गेली. मी जाऊन धाकटीच्या पुढं उभी राहिले.

आई काही बोलायच्या आधी काकी आतून आली. तिच्या हातात मुसळ होतं, कांडता कांडता उठून आली होती.

"माजा दीर गेला तवा तूच बोललास बांध टिकंल," ती म्हणाली. "टिकला कं? आता परत पोरीकडं बघशील तर डोळं फोडीन. चल, उठ."

तो उठला. पायऱ्या उतरताना काहीतरी पुटपुटला. ते शब्द आम्हाला ऐकू आले नाहीत, पण मी ते कितीतरी वर्षं मनात जुळवत बसायची. धाकटीला त्या हिवाळ्यात गोवर निघाला तेव्हा मला वाटलं, हेच तो म्हणाला होता. तिचं अंग भट्टीसारखं तापलं होतं, डोळे उघडत नव्हते. शेजारच्या बायका दारातून डोकावून जायच्या आणि एकमेकींकडे बघायच्या. आई तिच्या उशाशी बसून होती. मी तिला विचारलंच, "आय, देवी हिला नेनार कं?"

आईनं धाकटीच्या कपाळावरची पट्टी बदलली.

"मरन कुनाला चुकत नाय," ती म्हणाली. "ही जगंल का मरंल मना म्हायती नाय. पन जमिनीचा भाव म्हनून देवी हिला नेनार नाय. तेवढं मना म्हायती हाय. तू निज."

धाकटी जगली. एक कान मात्र तिचा कायमचा अधू झाला. तुम्ही तिच्या डाव्या बाजूनं बोललात तर ती आजही वळून बघत नाही.

बांध पुन्हा घालायला आईबरोबर पहिली उतरली ती काकी. मग काका. मग ज्यांच्या घरापर्यंत पाणी पोचलं होतं ते लोक, कारण आता प्रश्न एकट्या आमच्या शेताचा नव्हता. या वेळी बांध रुंद घातला, पायथ्याला दगड टाकले. काम चालू असताना कुणी बळीचं नाव काढलं नाही. विश्वास उडाला होता असं नाही. आईच्या समोर बोलायची लाज वाटत होती.

त्यानंतरची वर्षं मी नीट वेगळी करू शकत नाही. पाणी साठवायचं, सोडायचं. बियाणं फेकायचं, पिवळं पडलेलं बघायचं. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या बाजूला कारखाने यायला लागले होते, गावातली तरणी माणसं सायकलवर डबा अडकवून तिकडे जायची. ती परत येताना आईला त्या पांढऱ्या तुकड्यात वाकलेली बघायची. काही हसायची. माझं लग्न ठरायच्या बेतात होतं. मला आईचा राग यायचा, आणि त्याहून जास्त भीती वाटायची, की ती म्हातारी होईल, मरेल, आणि देवी आपली गप्पच राहील. एकदा मी म्हणाले, "कवा होनार गं गोड?"

"ते नाय इचारलं मी," आई म्हणाली. "होईल कं, एवढंच इचारलं. कवा ते इचाराया पायजे व्हतं." आणि ती हसली. कितीतरी वर्षांनी हसली असेल.

आधी आले बेडूक. खाऱ्या पाण्यात बेडूक राहत नाहीत. एका जूनमध्ये, संध्याकाळच्या पावसानंतर, आमच्या तुकड्यातून त्यांचा गलका ऐकू आला. आई चुलीपुढून उठली आणि दारात येऊन उभी राहिली. त्या वर्षी कोंबांची टोकं हिरवीच राहिली. आई रोज जाऊन बघायची, माती जिभेवर ठेवायची. ती आता थुंकत नव्हती. पण तिच्या चेहऱ्यावर आनंद दिसेना. दर भरतीला आम्ही सगळे आपापल्या जागी ताठ होऊन बसायचो. भात पोटरीला आलं. फुलोरा आला. मी घरातली माणसं मोजायची. आई, धाकटी, काका, काकी. पुन्हा मोजायची. काकांना साधा खोकला झाला तरी काकी माझ्याकडे बघायची आणि मी तिच्याकडे. एवढं चांगलं काहीतरी जवळ येत होतं आणि आम्ही वादळ येत असल्यासारखे वागत होतो.

काही झालं नाही. दसरा होऊन गेला, भात पिवळं झालं, आम्ही कापलं. काकाही खोकत खोकत कापायला होते. झोडणी झाली. दाणा लालसर, आखूड, भरीव.

आईनं लोंब्यांची एक जुडी देवीला नेऊन ठेवली. गावातलं प्रत्येक घर ठेवतं तेवढीच. पुजाऱ्यानं विचारलं, "एवढी वर्षं थांबलीस, नवस फेडायचा नाय कं?"

"नवस केलाच नव्हता," आई म्हणाली.

घरी काकीनं भात रांधला. तांबडा, चिकट, वाफेला मातीचा वास येणारा. सोबत निवट्यांचं, खाडीच्या चिखलातल्या माशांचं, कालवण. आम्ही सगळे एका ओळीत बसलो. आईनं पहिलं पान वाढलं आणि ते तसंच बाजूला ठेवलं, बाबांच्या फोटोपुढं नाही, कारण त्यांचा फोटो कधी काढलाच नव्हता, तर त्यांच्या बसायच्या जागी. धाकटीला बाबा आठवतही नव्हते. तिनं विचारलं, "बाबा नाय, मग देवीनं शब्द पाळला असं कसं म्हनायचं?"

मी आणि काकी एकदम तिच्याकडे वळलो. हा प्रश्न आमच्या दोघींच्या मनात होता, पण तो तोंडातून काढायची ताकद आमच्यात नव्हती.

धाकटीला ऐकू जावं म्हणून आई तिच्या उजव्या बाजूला सरकली आणि सावकाश बोलली.

"मी जमिनीचं इचारलं व्हतं. बाबांचं नव्हतं इचारलं. त्यांचं इचाराया देवळात जायला मना भ्या वाटलं, तवाही आन आताही. त्यांचं काय ते तिलाच म्हायती. मी त्याच्यावर तिच्याशी भांडते, रोज भांडते. पन खोटी नाय ती."

मग तिनं स्वतःच्या पानातला भात कालवला. पहिला घास तिच्या घशाखाली उतरताना आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो. ती थांबली, डोळे मिटले, आणि दुसरा घास घेतला. काकीनं पदरानं नाक पुसलं आणि धाकटीला म्हणाली, "जेव गं. थंड व्हतंय."